हातोडीचा कौल

थप्प.

व्हॅनच्या पोटाखाली उताणा पडलेल्या बादशहा मिस्त्रीच्या कपाळाला आठ्या पडल्या. चार बोटं सरकून त्यानं परत हातोडी मारली. परत थप्प. चांगलं लोखंड ठण्णकन बोलतं, गंजानं आतून खाल्लेलं नुसतं थप्प करतं. चाळीस वर्षं उद्यमनगरातल्या आपल्या गॅरेजात बादशहा हेच ऐकत आला होता. त्याच्या कानानं एकदा कौल दिला की गाडीवाले पुढं कुणाला विचारत नसत.

"काय म्हणती चाचा गाडी?" क्रांतीनं वाकून विचारलं. दहा मिनिटांत तिसऱ्यांदा. व्हॅन तिची, चालवायचीही तीच. सोमवारी शाळा उघडणार, अकरा पोरं तिच्या भरवशावर. आणि व्हॅन गेली तर घरची चूल कशावर पेटायची?

बादशहानं आणखी एक ठोका मारला. तोही थप्प. अहो, गेल्याच वर्षी हिचा सगळा गंज त्यानं स्वतःच्या हातानं काढला होता! तारेच्या ब्रशनं घासून, रेड ऑक्साइडचा तांबडा हात मारून, वर जाड काळा कोट दिला होता. राधानगरीच्या पावसात उभी केलीस तरी दहा वर्षं बघायला नको, असं छाती ठोकून सांगितलं होतं. आणि वर्षात चासीचा सांगाडा कुजला? आता बोला!

गेल्या महिन्यात आकाराम या टेम्पोवाल्याची गाडीही हातोडीखाली अशीच थप्प बोलली होती. "मधनं मोडंल. भंगारात घाल," बादशहानं सांगून टाकलं. आकाराम हात जोडत होता, "चाचा, एकदा परत ऐका की." बादशहा भडकला. "माझ्या कानावर शंका घेतोस व्हय रं?" टेम्पो भंगारात गेला. आकाराम आता कागल एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभा राहतो.

पण त्या टेम्पोचं गंज काढायचं काम दुसऱ्या कुणी केलं होतं. इथं काम बादशहाचं स्वतःचं. त्याला काही राहवेना. छिन्नी घेऊन त्यानं कोट खरवडला. काळा निघाला, खालचा तांबडा निघाला, त्याच्या खाली लोखंड लख्ख. आणखी तीन ठिकाणी खरवडलं. गंजाचा ठिपका नाही.

त्यानं छिन्नी बाजूला टाकली.

"क्रांती, हिकडं ये. हातोडी घे. मार हितं."

क्रांतीनं मारली. थप्प.

"कसा आला आवाज?"

"खणखणीत की, चाचा! का वो?"

बादशहा सरपटत बाहेर आला. गॅरेजच्या दारात रुळाचा तुकडा टांगलेला होता, जेवणाच्या सुट्टीला त्यावर ठोका पडायचा. त्यानं क्रांतीच्या हातातली हातोडी घेतली आणि जीव खाऊन रुळावर हाणली. पलीकडं चहाच्या गाड्यावरची माणसं दचकून वळली. क्रांतीनं दोन्ही कानांवर हात दाबले.

थप्प.

बादशहानं हातोडी बाकड्यावर ठेवली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसला.

"तुझ्या गाडीला काय बी झालेलं न्हाय, पोरी. चालू कर."

"कुठं जायचं, चाचा?"

"कागलला. आकारामला सांगायचं हाय, त्याचा टेम्पो चांगला हुता."