जिंकलेलं अंडं

ईस्टरला नोदार आणि एतेरी नेहमीप्रमाणे इराकलीच्या कबरीवर आले. एकुलता लेक, विसाव्या वर्षी युद्धात गेलेला.

नोदारने कबरीवर वाइन शिंपडली आणि लाल रंगवलेलं अंडं दगडावर आपटलं. ज्याचं अंडं फुटेल त्याने ते जिंकणाऱ्याला द्यायचं, हा सणाचा खेळ.

"हरलो बाबा, घे," म्हणत त्याने फुटकं अंडं कबरीवर ठेवलं.

"लहानपणी लाकडाचं अंडं रंगवून फसवायचा तुम्हाला," एतेरी हसली. "कुठे गेलं ते, कोण जाणे."

हात पुसायला रुमाल हवा म्हणून तिने नवऱ्याच्या कोटाच्या खिशात हात घातला. बोटांना लाकडी अंडं लागलं. तिने रुमाल तेवढा काढून घेतला.

"पुढच्या वर्षी जरा टणक बघून आणा," ती म्हणाली.