खुराड्याची जाळी

खुराड्याच्या वरच्या अंगाला गुरुदासने हातभर रुंद जाळी ठोकली.

"आई, गेल्या पावसाळ्यात आपण फळ्यांनी सगळं बंद केलं, तिथेच चुकलं. ओल आत कोंडली आणि कोंबड्या घुरघुरून मेल्या. वरून वारा खेळायलाच हवा."

"मुक्या जिवांना सांगता तरी कुठे येतं," आई हळहळली. मग ओव्याच्या धुरीची शेगडी उचलून ती सुनेच्या खोलीत गेली. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून तिथल्या खिडकीला तिने गुरुदासकडूनच फळ्या ठोकून घेतल्या होत्या.

आतून बाळाचा खोकला ऐकू आला. सकाळपासून तो थांबत नव्हता. आता त्यात घुरघुरही होती.

"अहो," फळ्यांमागून बायकोने विचारलं, "खुराडं झालं का पुरं? मग बाळाला आज तिकडेच निजवा."