गोजराबाईची हाक

आमच्या किन्हीराजा गावचा पवन फौजेत रणगाडा चालवतो. सरावात समोर लाल दिवे लागले, भोंगे वाजू लागले, वर कानात रेडिओचा आरडाओरडा. त्या गलक्यात खंदकाचा इशारा त्याला ऐकूच आला नाही अन् गाडी पार काठावर गेली. साहेब म्हणाले, "उद्या पुन्हा चुकलास तर रणगाडा विसर. भटारखान्यात कांदे चिरायचे."

पवननं घरी फोन लावला. आई गोजराबाई तुरीत शिरलेले रोही, म्हणजे नीलगायी, हाकलत होती.

"माय, इतकं वाजून राह्यते का काहीच आयकू येत नाही."

"अन् माही हाक तुले कधी आयकू नाही आली काय रे?"

पवननं साहेबांना गळ घातली आणि इशाऱ्याच्या भोंग्याऐवजी रणगाड्यात गोजराबाईचा आवाज बसवला : "पवन्याऽऽ, थांब!" दुसऱ्या दिवशी गाडी खंदकाच्या हातभर अलीकडे जागीच थिजली.

आता साऱ्या पलटणीच्या गाड्यांत तीच हाक आहे. चालक पंजाबी असो की नागा, पाय आपोआप ब्रेकवर जातो. परवा सीमेवर एका गाडीचं झाकण उघडं राहिलं आणि हाक थेट पलीकडे गेली. तिकडचा रणगाडा गचकन थांबला. आतून एक घाबरं डोकं वर आलं आणि म्हणालं, "जी, अम्मी?"