तांब्याचं सिंक

आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने स्वयंपाकघरात तांब्याचं सिंक बसवून घेतलं. मी स्टीलचं म्हणत होते, पण माझं ऐकतंय कोण. दुकानदाराने बजावलं होतं, तारेची घासणी लावू नका, लिंबाची साल पडू देऊ नका, वापरून झालं की मऊ फडक्याने कोरडं करा.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून त्यात कढई आपटली. हे धावत आत आले. "सर बाजूला. तुला हळू म्हणून काही करताच येत नाही."

तेव्हापासून मला सिंकपुढे उभं राहू देत नाहीत. जन्मात स्वतःचा कप न विसळलेला माणूस कुकरपासून चमच्यापर्यंत सगळं स्वतः घासतो, आणि न्हाऊ घातलेलं बाळ पुसावं तसं सिंक टिपतो.

धाकट्या बहिणीकडेही नव्या ओट्याचं काम निघालंय. ती फोनवर हळहळली. "ताई, भाऊजी असं बोलतात आणि तू ऐकून घेतेस? मी बाई आपलं स्टीलचंच घेते."

 

मी म्हटलं, "वेडी आहेस का? तांब्याचंच घे. पहिल्या दिवशी आपटायला माझी कढई देते."