लाल दांड्याचा मका

केतकीने कणसाचे दाणे अंगठ्याने सोलले. आतला दांडा पांढरा निघाला.

“लाल नाही?” रुमशाबाबा वाकून बघू लागले. “आमच्या ठुमलीच्या मक्याचा दांडा लालच असायचा, पोरी. नीट बघ.”

सातपुड्यातल्या गावांमधला जुना मका संशोधनासाठी गोळा करून ती दाणा आणि दांडा पाहून वाणावार लावत होती. हे कणीस कुठेच बसेना. दाण्याच्या टोकाला खळगा होता, विकतच्या बियाण्यासारखा.

“बाबा, शेजारच्या शेतातले परागकण वाऱ्याने येतात. मका मिसळत जातो. हा आता ठुमलीआजींचा राहिला नाही.”

बाबांनी ते कणीस हातात घेतलं. बायको ठुमली गेल्यापासून दरवर्षी ते तिचाच मका समजून हा पेरत होते. मग एकदम त्यांचा चेहरा उजळला.

“हात्तिच्या! तिने स्वतः निवडलेलं बियाणं आहे की घरात! तिच्या हातची गाठ सोडवेना, म्हणून तसंच ठेवलं.”

चुलीवरच्या वाशाला टांगलेली कणसं त्यांनी उतरवली. ती धुराने काळी झाली होती. दाणे गळालेल्या जागी मात्र दांडा लाल दिसत होता.

केतकीने एक दाणा फोडला. आतला कोंब वाळून काळा पडला होता. तिने दुसरा फोडला, तिसरा फोडला. यातलं काहीच आता उगवणार नव्हतं.

“यंदा हेच पेरतो,” म्हणत बाबा गाठ सोडू लागले.

केतकीने त्यांचा हात धरला. “राहू द्या, बाबा. गाठ तरी राहू द्या.”