मूळ नमुना

फोल्डरमधले कागद मुंगी तिसऱ्यांदा मोजत होती. बारा हवे होते, अकराच भरत होते. बारावा कुठे गेला ते टेबलापलीकडे बसलेल्या बाईंना ठाऊक होतं, कारण गुरुवारी दुपारी सगळे जेवायला गेलेले असताना तो त्यांनीच काढला होता.

वाळवलेली झाडं कागदांवर चिकटवून जपणाऱ्या त्या संग्रहालयात बाईंची एकतीस वर्षं गेली होती. मुंगी त्यांचीच विद्यार्थिनी. जंगलातून येताना पाठीवर स्वतःहून मोठं ओझं असायचं म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत, आणि हे नावही बाईंनीच ठेवलेलं. डोंगराच्या एका उतारावरचं जंगल पूर्वी तोडून, जाळून साफ केलं होतं. ते आपलं आपण पुन्हा उगवू लागलं, तशी ही पोरगी सलग सहा वर्षं तिथे जात राहिली. त्या झुडपांत काय ठेवलंय, असं बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या. आणि त्याच झुडपांत तिला जगाला माहीत नसलेलं झाड सापडलं. ओळखीच्या झाडासारखंच, फक्त फुलात पाचाऐवजी आठ पुंकेसर. गेला आठवडाभर जो तो तिचं कौतुक करत होता. बाईंनीही तोंडभरून केलं, आणि घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत.

खरी आग निराळीच होती. तेवीस वर्षांपूर्वी, त्या उतारावर नुसते बुंधे उरलेले असताना, बाईंनी हेच झाड गोळा केलं होतं. बारावा कागद तोच. खाली जीपवाला हॉर्न वाजवत होता. फूल उघडून पाहायला दोन मिनिटं लागली असती, ती त्यांनी दिली नाहीत. ओळखीच्या झाडाचं नाव कागदावरच्या चिठ्ठीत ठोकून दिलं आणि खाली झोकात सही केली. या संग्रहालयात जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. चूक सापडली तर नवी तिच्याखाली चिकटवतात. म्हणजे बाईंची चूक बाईंच्या सहीसकट राहणार, आणि तिच्याखाली मुंगीची सही येणार. पोरीने सहा वर्षं पाय झिजवले होते हे बाईंना दिसत होतं, तरीही ते त्यांना सहन होईना.

"मागच्या महिन्यात इथेच होता," मुंगी म्हणाली.

बाई चमकल्या. "तू पाहिला होतास?"

"पाहिला होता. फूल भिजवून पुंकेसरही मोजले." तिने मान खाली घातली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

म्हणजे महिनाभर ही आपल्याला सांभाळून घेत होती. रोज सकाळी चहा घेणार का म्हणून विचारताना हिला सगळं माहीत होतं. राग गिळायची बाईंना सवय होती, कुणाची दया गिळायची नव्हती. त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला आणि नेला असेल कुणीतरी अभ्यासाला, असं म्हणाल्या.

मुंगी नाही म्हणाली. बाहेर गेलेल्या नमुन्यांची वही तिने आधीच पाहिली होती. मग तिने अडचण सांगितली. नव्या झाडाला नाव द्यायचं तर एक मूळ नमुना दाखवावा लागतो. ते नाव कायमचं त्याच्यावरच टेकलेलं असतं. तिने आणलेली फुलं तपासण्यातच संपली होती, फळं अळ्यांनी खाल्ली होती, आणि झाड पुन्हा फुलायला वर्ष होतं. बाईंच्या कागदावर फूलही होतं, फळही. म्हणून तिने तोच निवडला होता. त्याचा फोटो लेखाबरोबर छापायला आज पाचच्या आत पाठवायचा होता. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला दुसऱ्या संस्थेच्या लोकांनाही हेच झाड सापडलं होतं, आणि ज्यांचा लेख आधी छापून येईल त्यांनी दिलेलं नाव टिकणार होतं.

साडेतीन वाजले होते. कपाटं साठ, नमुने दीड लाख. चुकीच्या फोल्डरमध्ये गेलेला नमुना जाळल्यातच जमा, हे मुंगीला बाईंनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

"पहिल्या कपाटापासून बघते," मुंगी म्हणाली आणि स्टूल ओढून वर चढलीसुद्धा.

बाई बसून राहिल्या. त्यांना काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं बसून राहिलं की पाच वाजणार होते, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लागणार होतं, आणि बाईंची चिठ्ठी कधी कुणी वाचणार नव्हतं. पहिलं कपाट झालं. दुसरं झालं. डांबरगोळ्यांच्या वासाने मुंगी शिंकत होती, मधूनच डोळे पुसत होती. ते शिंकांमुळे की आणखी कशामुळे, हे बाईंना बसल्या जागेवरून कळेना. चार वाजून गेले. तरी ती प्रत्येक फोल्डर तितक्याच हळू उघडत होती, एकाही पानाला धक्का न लावता, बाईंनी शिकवलं होतं तशी. घाईत तिच्या हातून एखादं पान मोडलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. पण एकही मोडलं नाही.

बाई उठल्या. नंबर न बघता त्या थेट एकेचाळिसाव्या कपाटाशी गेल्या, तळच्या कप्प्यातलं तिसरं फोल्डर ओढलं आणि आतला कागद काढून टेबलावर ठेवला.

मुंगी स्टुलावरून उतरली. तिने आधी कागदाकडे पाहिलं, मग कपाटावरच्या पाटीकडे. पाटीवर 'नेचे' असं लिहिलेलं होतं. नेच्यांना फूल येत नाही. फुलाचं झाड त्यांच्यात चुकून कुणी ठेवत नाही, पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा नाही. मुंगी बराच वेळ ती पाटी बघत राहिली. बाईंनी मान खाली घातली नाही, तेवढं तरी त्यांना जमलं.

मग मुंगीने फोटोसोबत पाठवायचा फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"गोळा करणाऱ्याचं नाव छापतात, बाई," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "तुमचं पूर्ण लिहू, की आद्याक्षरं पुरेत?"