एक्केचाळीस झडपा

“बोल दापा. खोट गाडीत आहे की माणसात?”

ओपानिन अमोआकोंनी हातातली काळी पिशवी बॉनेटवर ठेवली. आत तीन अंडी होती. आमच्या कुमासी शहरात अशी तीन अंडी घेऊन कुणी ऑम्लेटसाठी फिरत नाही. ती नदीकाठी फोडायची, चोराचं वाटोळं मागायचं आणि मागे न बघता घरी यायचं. पुढचं नदी बघते.

पेट्रोल कोण चोरतो, हे ओपानिननी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. त्यांचा ड्रायव्हर अट्टा दोन पावलांवर उभा होता. टेचिमानहून यामचे कंद आणणारी ही जुनी पिकअप दीड टाकी पेट्रोल प्यायची. शेजारच्या व्यापाऱ्याची अगदी अशीच गाडी तेवढ्याच फेऱ्या एका टाकीत मारायची. शिवाय ही गाडी नुसती उभी असली तरी हिवताप भरल्यासारखी थडथडायची.

सुआमेच्या गॅरेजवस्तीत दापा मिस्त्रीचा शब्द शेवटचा. गेल्या वर्षीही हाच प्रश्न त्याला इथेच विचारला गेला होता. तेव्हा ही गाडी न्सिया चालवायचा, ओपानिनच्या बहिणीचा मुलगा. आमच्यात मामाच्या मागे घर भाच्याचं. म्हणजे न्सिया नुसता ड्रायव्हर नव्हता, वारस होता. दापाने तासाभरात निर्वाळा दिला होता, “गाडी ठणठणीत आहे.” अंडी फुटली. दुसऱ्या दिवशी न्सिया जो घर सोडून गेला, तो आजतागायत परतला नाही.

आज मात्र दापा सकाळपासून गाडीखालून वर आणि वरून खाली करत होता. प्लग काढले, ते काजळीने काळेकुट्ट. नवे बसवले, तरी थडथड तीच. एअर फिल्टर झटकला, इंजेक्टर साफ केले, टाकीखाली आडवा होऊन गळती शोधली. कुठे थेंब सापडला नाही. दुपार झाली.

“खाई त्याला खवखवे,” ओपानिन अट्टाकडे बघत म्हणाले. “एक चोर गेला, दुसरा आला. बघ कसा घामाघूम झालाय.”

“ऊन आहे, ओपानिन, म्हणून घाम आहे.” अट्टाचा आवाज चिरकला. “जिवापाड जपतो मी गाडीला. वर्षभरात एकदाही तापू दिली नाही. सुई बघा ना, तळावरून हलत नाही!”

दापाने तापमानाची सुई बघितली. इंजिन तासभर चालू होतं आणि सुई तळाशीच होती. त्याने रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावला. चटका बसून हात मागे यायला हवा होता. नळी जेमतेम कोमट होती. हात तिथेच राहिला.

गार इंजिन जास्त पितं. पहाटे सुरू केलं की तापेपर्यंत कुठलंही इंजिन थडथडतं आणि पेट्रोल ओढतं, हे सुआमेत झाडूवालाही सांगेल. ही गाडी भर दुपारी पहाटेसारखी पीत होती.

तिला तापू न देणारा कोण, हे दापाला चांगलं ठाऊक होतं. इंजिनात डबीएवढी एक पितळी झडप असते, थर्मोस्टॅट. इंजिन तापेपर्यंत ती पाणी अडवून धरते. बंदरावरून गाडी आली की पहिल्याच दिवशी दापा ती काढून टाकायचा. “आपल्या उन्हात हिला स्वेटर कशाला?” म्हणायचा. वस्तीतले सगळेच काढायचे. दापा तेवढ्यावर थांबायचा नाही, ती तारेत ओवून भिंतीवर टांगायचा, मोठ्या हौसेने. तारेत एक्केचाळीस झडपा होत्या. ओपानिनच्या गाडीची त्यातलीच एक.

गप्प बसणं सोपं होतं. चार दिवसांनी कसलंतरी निमित्त काढून नवी झडप बसवली असती, तर कुणाला पत्ताही लागला नसता. दापाला स्वतःची लाज वाटली. तरी तोंड उघडेना. तीस वर्षांचं नाव होतं.

ओपानिननी पिशवी उचलली. “म्हणजे गाडी याही वेळी ठणठणीत. चल अट्टा, नदीवर.”

“चला,” अट्टा म्हणाला. “माझी बायको सातव्या महिन्यात आहे, ओपानिन. तेव्हा शाप नीट मागा. ज्याच्यामुळे पेट्रोल गेलं, त्याच्यावरच पडू दे.”

दापाने कोपऱ्यातलं खोकं फाडलं आणि वारा अडवायला पुठ्ठा रेडिएटरच्या पुढ्यात खोचला. “थांबा. दहा मिनिटं.”

सुई हलली. हळूहळू वर चढत मधोमध आली. थडथड कमी होत गेली आणि शेवटी थांबली. इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

“काय केलंस रे?” ओपानिननी विचारलं.

“आज काही नाही केलं. जे केलं ते दोन वर्षांपूर्वी.” दापाने भिंतीवरच्या तारेकडे बोट दाखवलं. “तुमचं पेट्रोल मी प्यायलो, ओपानिन.” आणि त्याने सगळं सांगितलं.

अट्टा लहान पोरासारखा रडू लागला. ओपानिननी हातातली पिशवी परत बॉनेटवर ठेवली. “मग माझा न्सिया…” एवढंच म्हणाले. मग तारेकडे बघत त्यांनी विचारलं, “माझ्या गाडीची कुठली यातली?”

दापाने तार खाली घेतली. ओवलेल्या क्रमाने गाड्या त्याला पाठ होत्या. पहिल्या झडपेवर बोट ठेवून तो मोजू लागला. चौथ्या झडपेशी बोट अडलं. त्या गाडीचा ड्रायव्हरही पेट्रोलचोर ठरून गेला होता. त्याच्याही मालकाने इथेच उभं राहून दापाला विचारलं होतं, खोट गाडीत आहे की माणसात.